अर्जीनें घडविलेला हुद्दा : कॉर्नेलिया सोराबजी यांच्या उद्योगाचा वृत्तांत

इतिहासाच्या कागदांचा संग्रह करणारांमध्यें सनदेला जो मान आहे तो अर्जीला नाहीं. सनदेवर शिक्का असतो, मिति असते, देणाराचें नांव असतें. ती हातीं आली कीं वतनाचा किंवा हुद्द्याचा निकाल लागल्यासारखें होतें. अर्जी ही मागणाराची. तिच्यावर शिक्का नाहीं, पुष्कळदां उत्तरहि नाहीं. म्हणून ती दप्तराच्या तळाशीं राहते आणि वाळवीच्या तोंडीं प्रथम पडते. आमचें म्हणणें असें कीं, स्त्रियांच्या इतिहासापुरता तरी हा मानाचा क्रम बदलला पाहिजे. सरकारनें काय दिलें एवढेंच सनद सांगते. तें देणें सरकारला कोणी व कोणत्या युक्तिवादानें भाग पाडलें हें अर्जी सांगते. या म्हणण्यास आधार म्हणून कॉर्नेलिया सोराबजी यांच्या चरित्रांतील कांहीं टप्पे येथें क्रमानें मांडतों.

आपल्याकडे अधिकार चालविणाऱ्या स्त्रिया पूर्वीं नव्हत्या असें मुळींच नाहीं. त्रिंबकराव दाभाडे १७३१ सालीं डभईच्या लढाईंत पडल्यावर सेनापतीच्या घराण्याचा कारभार उमाबाईंनीं हातीं घेतला. अहिल्याबाई होळकरांनीं १७६७ पासून १७९५ पर्यंत कारभार कसा केला हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु हे अधिकार घराण्याचे होते. पति किंवा पुत्र गेल्यामुळें जी जागा रिकामी पडली ती या स्त्रियांनीं आपल्या कर्तृत्वानें भरून काढली. कॉर्नेलियाबाईंची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यापुढें रिकामी जागाच नव्हती. ज्या हुद्द्यावर त्यांनीं पुढें सुमारें १८ वर्षें काम केलें तो हुद्दा त्यांनीं मागण्यापूर्वीं अस्तित्वांतच नव्हता.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिकास झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे जन्मानें पारशी. त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. आई फ्रान्सिना यांनीं पुण्यांत व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजांत शिकल्या आणि १८८७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या पदवीपरीक्षेंत पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. गुणानुक्रमें पाहतां इंग्लंडांत पुढील शिक्षण घेण्याची सरकारी शिष्यवृत्ति आपणांस मिळावयाची होती, पण स्त्री असल्यामुळें ती नाकारण्यांत आली, असें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे.

येथें पुराव्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बाईंचें आत्मवृत्त ‘इंडिया कॉलिंग’ हें १९३४ सालीं, म्हणजे या गोष्टीनंतर ४७ वर्षांनीं, प्रसिद्ध झालें. उत्तरकालीन आठवण आणि समकालीन कागद यांचा दर्जा एक नव्हे, हा नियम बखरींस लावावयाचा आणि आत्मचरित्रांस मात्र त्यांतून मोकळें सोडावयाचें हें न्याय्य नाहीं. सुदैवानें बाईंच्या रोजनिशा व पत्रें मोठ्या संख्येनें लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जतन झालीं आहेत. तेव्हां आत्मवृत्तांतील मजकुराला समकालीन कागदाचा पडताळा घेणें संशोधकांस शक्य आहे. शिष्यवृत्तीची हकीकत आम्ही तूर्त बाईंची फिर्याद म्हणूनच नोंदवितों. त्यानंतर त्यांनीं काय केलें याविषयीं मात्र शंकेस जागा नाहीं.

शिष्यवृत्ति न मिळाल्यावर त्यांनीं अहमदाबादेस गुजरात कॉलेजांत इंग्रजी शिकविण्याची तात्पुरती जागा पतकरली. तें कॉलेज पुरुषांचें. १८८८ सालीं त्यांनीं विलायतेंतील नॅशनल इंडियन असोसिएशन या संस्थेस साहाय्यासाठीं पत्र लिहिलें. लेडी मेरी हॉबहाउस व ॲडलेड मॅनिंग यांनीं पुढाकार घेतला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल व सर विल्यम वेडरबर्न यांसारख्यांनीं पैसे दिले, आणि १८८९ सालीं बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्यें दाखल झाल्या. तेथें कायद्याचा अभ्यास करून १८९२ सालीं त्या बी. सी. एल. परीक्षेस बसल्या. ही परीक्षा देणारी पहिली स्त्री त्याच. त्यांच्याकरितां विद्यापीठास खास ठराव करावा लागला. परीक्षा दिली, पण पदवी मिळाली नाहीं. कारण त्या काळीं ऑक्सफर्ड स्त्रियांस पदवी देत नसे. हें लक्षांत ठेवावें, कारण पुढेंहि हाच प्रकार वारंवार झाला : दार उघडावयाचें, पण उंबऱ्याच्या आंत जागा द्यावयाची नाहीं.

स्वदेशीं परतल्यावर बाईंनीं पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचीं प्रकरणें हातीं घेतलीं. याचें मूळ त्यांनीं आपल्या लहानपणींच्या एका प्रसंगांत दाखविलें आहे : काठेवाडची एक श्रीमंत विधवा कारभाऱ्याकडून नाडली गेल्याचें गाऱ्हाणें घेऊन त्यांच्या आईकडे आली होती. प्रसंग एकाच बाईचा असला तरी अडचण हजारोंची होती. ज्या स्त्रीनें परपुरुषासमोर यावयाचें नाहीं तिनें वकिलास भेटावें कसें? कोर्ट पुरुषांचें, वकील पुरुष, कारकूनहि पुरुष. मधला सर्व व्यवहार कारभारी सांगेल तसा. कागदावर कशाची निशाणी घेतली जात आहे हेंहि तिला कळावयाचें नाहीं. काठेवाड व इंदूर येथील संस्थानांच्या प्रकरणांत ब्रिटिश एजंटांपुढें अशा स्त्रियांचें म्हणणें मांडण्याची मोकळीक बाईंना मिळाली. परंतु ब्रिटिश हद्दींतील कोर्टांत वकील म्हणून उभें राहण्याचा हक्क त्यांना नव्हता.

तेव्हां त्यांनीं कायद्यांतच वाट शोधली. फौजदारी व्यवहाराच्या कायद्यांत, सनद असलेल्या वकिलाखेरीज अन्य कोणत्याहि व्यक्तीस कोर्टाच्या परवानगीनें आरोपीतर्फे काम चालवितां येई. या तरतुदीच्या आधारें १८९६ सालीं पुण्याच्या कोर्टांत एका खुनाच्या खटल्यांत त्या आरोपीच्या बाजूनें उभ्या राहिल्या. १८९७ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. ही पदवी घेतली, आणि १८९९ सालीं अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. परीक्षेंत यश आलें, सनद आली नाहीं. पात्रतेची एकेक अट त्यांनीं पुरी करावी, आणि शेवटीं स्त्रीत्व हीच अपात्रता ठरावी, असा हा क्रम होता.

येथपर्यंतची हकीकत चिकाटीची आहे, आणि तशी दुसऱ्याहि कांहीं स्त्रियांची सांगतां येईल. आमच्या दृष्टीनें खरा महत्त्वाचा कागद यापुढला. १९०२ सालापासून बाईंनीं इंडिया ऑफिसकडे मागणी चालविली. ही मागणी वकिलीच्या सनदेची नव्हती. प्रांतोप्रांतींच्या कोर्टांतून स्त्रिया व अज्ञान मुलें यांचें हित पाहण्यास सरकारनें एक स्त्री कायदे-सल्लागार नेमावी, अशी ती होती. यांतील कौशल्य ध्यानांत घेण्यासारखें आहे. ‘मला हक्क द्या’ असें म्हटलें असतें तर हायकोर्टांनीं दिलेलेंच उत्तर पुनः मिळालें असतें. त्याऐवजीं त्यांनीं सरकारलाच सरकारची अडचण दाखविली. अज्ञान वारसांच्या व कारभारास अपात्र ठरविलेल्या मालकांच्या जमीनदाऱ्या कोर्ट ऑफ वॉर्ड्स या खात्याच्या ताब्यांत असत. त्या घराण्यांतील स्त्रियांच्या हिताची जबाबदारी सरकारनें घेतली, पण ज्यांचें हित पाहावयाचें त्यांचें तोंड सरकारचा एकहि अधिकारी पाहूं शकत नव्हता. जनानखान्यांत जाऊं शकेल आणि कायदाहि जाणेल असें माणूस त्याला हवें होतें. दोन्ही गुण एका ठिकाणीं असलेली व्यक्ति कोण, हें अर्जीत लिहिण्याची गरजच नव्हती.

१९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे ‘लेडी असिस्टंट’ म्हणून कॉर्नेलियाबाईंची नेमणूक झाली. १९०७ पर्यंत त्यांचें काम बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम इतक्या मुलुखांत पसरलें होतें. वीस वर्षांच्या एकूण कामांत ६०० हून अधिक स्त्रियांस व पोरक्या मुलांस त्यांचें साहाय्य झालें असा अंदाज केला जातो. त्यांतील कांहीं कामें त्यांनीं मोबदला न घेतां केलीं. १९०९ सालीं त्यांना कैसर-इ-हिंद हें सुवर्णपदक मिळालें.

ज्या दारांवरून त्यांस परत फिरावें लागलें होतें तीं पुढें एकेक करून उघडलीं. ज्या अलाहाबाद हायकोर्टानें १८९९ नंतर सनद नाकारली त्यानेंच १९२१ सालीं त्यांचें नांव वकिलांच्या पटावर घेतलें. ऑक्सफर्डनें १९२० पासून स्त्रियांस पदव्या देण्यास आरंभ केला, आणि १८९२ च्या परीक्षेची पदवी बाईंस १९२२ सालीं, म्हणजे ३० वर्षांनीं, मिळाली. १९२३ सालीं त्या लंडनांत लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या. त्याच वर्षीं केवळ स्त्री म्हणून कोणास वकिलींतून वगळतां येणार नाहीं असा कायदा हिंदुस्थानांत झाला. मुंबई हायकोर्टांत वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन टाटा यादेखील १९२३ सालींच बॅरिस्टर झाल्या होत्या. मिठनबाईंची वकिली सुरू झाली ती या कायद्याच्या काळांत. कॉर्नेलियाबाईंचें सारें उमेदीचें आयुष्य खास परवानग्यांवर गेलें. बॅरिस्टर होऊन त्या कलकत्त्यास आल्या तेव्हां त्यांचें वय ५७ च्या घरांत होतें. तेथें त्यांच्या वांट्यास मुख्यतः लेखी अभिप्राय देण्याचेंच काम आलें, आणि १९२९ सालीं त्यांनीं वकिली सोडली.

आतां दुसरी बाजू. केवळ गुणगौरव हें चरित्रकाराचें काम असेल, संशोधकाचें नव्हे. इंग्रज मंडळींशीं असलेला घरोबा ही बाईंची मोठी पुंजी होती. ती सर्वांजवळ असणें शक्य नव्हतें. राज्य इंग्रजांचें राहावें असें त्यांचें मत होतें, महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांनीं उघड विरोध केला, आणि १९२७ सालीं कॅथरिन मेयोच्या ‘मदर इंडिया’ पुस्तकावरून देशांत संतापाची लाट उसळली असतां त्यांनीं लेखिकेची बाजू घेतली. यामुळें त्यांच्या समाजकार्यास असलेला लोकांचा आधार तुटला. ६ जुलै १९५४ रोजीं लंडनांत त्यांचें निधन झालें. तोंपर्यंत त्यांच्या जन्मदेशांत त्यांचें नांव फारसें कोणी घेत नव्हतें.

या मतांचें समर्थन आम्ही करीत नाहीं; तथापि त्यांचा संबंध त्या १९०२ च्या अर्जीशीं आहे असें आम्हांस वाटतें. अर्जीचा सारा युक्तिवाद पडद्यावर उभा होता. पडदा आहे म्हणून स्त्री अधिकारी हवी. पडदा गेला तर हुद्द्याचें कारणच सरलें. शिवाय हुद्दा सरकारच्या मर्जीचा; त्याच्या पाठीशीं कायदा नव्हता. ज्या दोन खांबांवर बाईंनीं आपलें आयुष्य उभें केलें ते दोन्ही खांब हलविणारी चळवळ त्यांस परकी वाटली, यांत नवल नाहीं. मर्जीनें मिळविलेलें पद आणि हक्कानें मिळविलेलें पद यांतील हा भेद आहे. त्याची किंमत त्यांनीं उत्तर आयुष्यांत मोजली.

परंतु एवढ्यानें अर्जीचें मोल उणें होत नाहीं. उलट, हा संबंध उमगतो तो अर्जीवरूनच. १९०४ ची नेमणूक तेवढी हातीं असती तर सरकारनें उदारपणें एका विदुषीस जागा दिली असाच अर्थ आपण केला असता. ती जागा कोणी कल्पिली, तिचें कारण कोणी शोधलें, किती नकारांनंतर ती मागण्याची बुद्धि झाली, आणि त्या मागणींतच पुढच्या अडचणीचें बीज कसें होतें, हें नेमणुकीच्या हुकुमांत कोठेंच लिहिलेलें नसतें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. जुन्या घरांतून बाड उपसतांना एखाद्या शिक्षिकेचा बढतीसाठीं केलेला अर्ज, सुईणीचें किंवा परिचारिकेचें नेमणुकीविषयींचें पत्र, विधवेनें शिष्यवृत्तीसाठीं केलेली विनवणी, किंवा कचेरीचा नुसता नकार सांपडला, तर तो सनदेइतक्याच काळजीनें ठेवावा. त्यावरील तारीख, हस्ताक्षर व पाठीमागचा शेरा जसाच्या तसा नकलून घ्यावा. नकार आणि त्यानंतरची अर्जी हीं दोन्ही एकाच पुडक्यांत राहतील याची विशेष खबरदारी घ्यावी. तीं वेगळीं झालीं कीं मागणाऱ्या स्त्रीची चिकाटी कागदावरून नाहींशी होते, आणि देणाराचें औदार्य तेवढें मागें उरतें.