जुन्या घड्याळाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपण बहुधा देवळांच्या बाबतींत वापरतों. गांवकरी मोठ्या भक्तिभावानें वर्गणी जमवितात, हेमाडपंती शिळांवर तैलरंगाचे थर चढवितात आणि देऊळ नवें झालें म्हणून समाधान मानतात. त्यांच्या श्रद्धेविषयीं शंका नाहीं. परंतु ज्या छिन्नीच्या खुणा शेंकडों वर्षें टिकल्या, त्या चार दिवसांत झांकल्या जातात. मनगटी घड्याळासारख्या लहानशा वस्तूच्या बाबतींतहि हाच प्रसंग येतो. माझ्या आजोबांचें घड्याळ मीं एकदां दुरुस्तीस दिलें. परत आलें तें लखलखीत होऊन. तबकडीवरील पिवळसर छटा आणि आजोबांच्या हातून पडलेला ओरखडा पुसून तिला नवा रंग दिलेला होता. घड्याळ चालूं लागलें होतें. पण तें आजोबांचें वाटेना.

हा प्रश्न नीट कळण्यासाठीं 'रिव्हर्सो' नांवाच्या एका प्रसिद्ध घड्याळाची हकीकत पाहूं. त्याच्या जन्माचा धागा त्या काळच्या हिंदुस्थानाशीं जोडलेला आहे. असें सांगतात कीं, सेझार द त्रे नांवाचा स्विस व्यापारी १९३० च्या सुमारास इकडे आला असतां पोलो खेळणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्यानें खेळांत फुटलेली आपल्या घड्याळाची कांच त्यास दाखविली, आणि असल्या आघातांतून वांचेल असें घड्याळ करून दाखवा, असें आव्हान दिलें. द त्रे यानें ही गोष्ट स्वित्झर्लंडमधील कारखानदार झाक-दाविद लकूल्त्र यांच्या कानीं घातली. पुढें रने-आल्फ्रेद शोव्हो यानें ४ मार्च १९३१ रोजीं पॅरिस येथें पेटंटसाठीं अर्ज केला. युक्ति साधी आहे. घड्याळाची डबी आपल्या बैठकींत बाजूला सरकते व उलटते. त्यामुळें कांच आंत जाते आणि धातूची पाठ बाहेर येऊन आघात सोसते.

आतां असें एखादें १९३१ सालचें घड्याळ नादुरुस्त स्थितींत हातीं आलें, तर सुज्ञ घड्याळजी काय करील? चिमटा उचलण्यापूर्वीं तो सालाचा विचार करील. प्रारंभीं लकूल्त्र यांच्यापाशीं या डबीस योग्य असें यंत्र तयार नव्हतें. म्हणून पहिल्या घड्याळांत 'ताव्हान' या दुसऱ्या कारखान्याचीं यंत्रें बसविण्यांत आलीं. लकूल्त्र यांचें स्वतःचें यंत्र आलें १९३३ सालीं. अर्थात् पहिल्या घड्याळांत परक्या कारखान्याचें यंत्र आढळलें, तर तो दोष नव्हे. तीच त्याच्या अस्सलपणाची खूण होय. त्यांत मूळ घराण्याचेंच यंत्र हवें, अशा हौसेनें जो मागाहूनचें यंत्र बसवील, तो नकळत इतिहास खोटा करील. तबकडीचेंहि तसेंच. 'जेगर-लकूल्त्र' हें जोडनांव १९३७ सालचें. तें १९३१ च्या घड्याळावर दिसलें, तर तबकडी मागाहून आली किंवा नव्यानें रंगविली गेली, अशी शंका घ्यावी.

मग कांहींच बदलूं नये काय? तसेंहि नाहीं. त्या काळच्या घड्याळाची मुख्य कमान निळसर पोलादाची असे. तिचा ताण वर्षानुवर्षें कमी होत जातो, आणि कधीं ती अवचित मोडते. तिच्या जागीं आजच्या मिश्रधातूची कमान घालण्यांत अप्रामाणिकपणा नाहीं. तेल, कातड्याचा पट्टा आणि कमान हीं झिजण्यासाठींच असतात. देवळांतील समईची वात आपण बदलतोंच. तबकडी, कांटे, यंत्र आणि डबी यांची गोष्ट निराळी. हे त्या काळाचे साक्षीदार आहेत. त्यांतील एखादा निकामी झाला, तर त्याच सालचें, त्याच जातीचें दुसरें जुनें घड्याळ शोधून त्याचा भाग घ्यावा. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा धीर धरावा लागतो.

या नियमाला रिव्हर्सोच्याच इतिहासांत एक मोठा अपवाद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हें घड्याळ मागें पडलें. १९६९ सालीं जपानांत क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ निघालें आणि चावीच्या घड्याळांचा सारा धंदाच डळमळूं लागला. अशा वेळीं, १९७२ सालीं, जोर्जो कोर्व्हो नांवाच्या इटालियन व्यापाऱ्यास कारखान्यांत पडून राहिलेल्या सुमारें २०० रिकाम्या डब्या आढळल्या. त्यानें त्या विकत घेतल्या आणि पुढें त्यांत यंत्रें बसवून घड्याळें विकलीं. तीं हातोहात खपलीं. कारखान्याचें लक्ष पुन्हा या घड्याळाकडे वळलें व १९८५ सालीं नव्या बांधणीची डबीहि निघाली. म्हणजे जुन्या डबींत मागाहूनचें यंत्र घातल्यामुळेंच रिव्हर्सोचें नांव जगलें! तरीहि कोर्व्होची कृति मला दूषणास्पद वाटत नाहीं. कारण तीं घड्याळें १९३१ सालचीं म्हणून खपविण्याचा तेथें प्रश्नच नव्हता. नवें घालण्यांत पाप नाहीं; नव्याला जुनें म्हणण्यांत आहे.

पूर्वींचे घड्याळजी डबीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस दुरुस्तीची तारीख किंवा आपली खूण बारीक अक्षरांत कोरून ठेवीत. बाहेरून ती दिसत नसे. पुढें घड्याळ उघडणाऱ्या कारागिरासाठीं तो निरोप असे. ही चाल प्रत्येक जीर्णोद्धारांत पाळण्यासारखी आहे. आजोबांच्या घड्याळाची मूळ तबकडी आतां परत येणें नाहीं. परंतु तें ज्या पेटींत ठेवलें आहे, तींत मीं एक चिठ्ठी घातली आहे: 'तबकडी नव्यानें रंगविलेली, यंत्र, कांटे व डबी जुनीं.' माझ्यामागून तें ज्याच्या हातीं जाईल, त्याची तरी फसगत होऊं नये.