शिक्षेआधीची चौकशी

सोलापुरात परिविक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले तेव्हा माझं काम घरच्यांना समजावता समजावता नाकी नऊ आले. पोलीस नाही, वकील नाही, मग आरोपीच्या घरी जाऊन करतेस काय? चौकशी, मी सांगायची. चोरीची नव्हे, माणसाची.

एक पोरगा अजून आठवतो. वय एकोणीस. विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार चोरली, पहिलाच गुन्हा. खालच्या कोर्टाने सहा महिने दिले. जामीन होईपर्यंत तेवीस दिवस त्याने आत काढले. अपिलात सत्र न्यायालयाने विचारलं, परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल कुठे आहे? अहवाल कोणी मागवलाच नव्हता.

मी शहराच्या पूर्वभागात त्याच्या घरी गेले. आई उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली. पत्र्याचा साचा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. माझ्याशी बोलतानाही हात थांबला नाही, कारण संध्याकाळपर्यंत हजार विड्या पुऱ्या करायच्या होत्या. "बाई, त्याला मारा, पण आत घालू नका," ती म्हणाली. पोरगा ज्या मागावर जायचा तो चार महिन्यांपासून बंद होता. शेजारच्या गल्लीतला दुसरा मागवाला त्याला ठेवून घ्यायला तयार होता, जामीनही राहणार होता. हे सगळं मी अडीच पानांत लिहिलं. कोर्टाने दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर त्याला सोडलं. यालाच परिविक्षा म्हणतात.

या कामाचं मूळ अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये आहे. जॉन ऑगस्टस हा तिथला जोडे बनवणारा. १८४१ साली दारूच्या आरोपाखाली उभ्या केलेल्या एका माणसाची हमी त्याने स्वतः घेतली. तीन आठवड्यांनी तो माणूस शुद्धीत, नीटनेटका परतला आणि त्याला फक्त एक सेंट दंड झाला. आपल्याकडे १८९८ च्या फौजदारी संहितेत ५६२ वं कलम आलं. पहिल्या किरकोळ गुन्ह्याला सोडून देता येई, पण आरोपीच्या घरी कोण जाणार याची तजवीज त्यात नव्हती. १९३६ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडने आणि १९३८ मध्ये, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, मुंबई प्रांताने परिविक्षेचा स्वतंत्र कायदा केला. केंद्राचा कायदा आला १९५८ साली. त्याचं सहावं कलम मला तोंडपाठ आहे: आरोपी एकवीसच्या आतला असेल आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल, तर कारणं लिहिल्याशिवाय त्याला तुरुंगात पाठवायचं नाही, आणि निर्णयाआधी आमचा अहवाल मागवायचा.

कायदा झाला, पण त्याला जाग आणली ती वरच्या न्यायालयांनी. १९६४ च्या रतनलाल खटल्यातला आरोपी सोळा वर्षांचा होता. मे १९६२ मध्ये शिक्षा झाली तेव्हा गुडगाव जिल्ह्यात कायदा लागूच नव्हता, तो सप्टेंबरात लागू झाला. तरीही अपिलात त्याचा लाभ देता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं. १९८० मध्ये वेदप्रकाश खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी बजावलं की, वकील गप्प राहिला तरी आरोपीची माहिती मिळवणं न्यायाधीशाचं काम आहे.

सरसकट सोडा, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. बेदरकार वाहन चालवून जीव घेणाऱ्याला परिविक्षा नाही, असं दलबीर सिंग खटल्यात २००० साली ठरलं. ते मला पटतं. मेलेल्याच्या घरीही कोणीतरी आई बसलेली असते.

२०२१ मध्ये लखवीर सिंग खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं. भारतीय दंड संहितेच्या ३९७ व्या कलमात किमान सात वर्षांची शिक्षा होती, तरी तेवढ्यामुळे परिविक्षेचं दार बंद होत नाही, असं म्हटलं. एप्रिल २०२५ च्या चेल्लम्मल निकालाने तर साफ सांगितलं: परिविक्षा द्यायची की नाही हे न्यायाधीश ठरवेल, पण प्रकरण कायद्याच्या अटींत बसत असेल तर तिचा विचारच न करण्याची मुभा त्याला नाही. हे वाचलं त्या दिवशी मला ते सूप आठवलं.

वकिलीत नव्याने आलेल्या मुलामुलींना एक विनंती. आरोपी एकवीसच्या आतला असेल, तर तो दोषी ठरला त्याच दिवशी अहवालासाठी अर्ज द्या. अपिलाची वाट पाहू नका.