मेलेली ट्यूबलाईट कोणी उचलायची?

काही दिवसांपूर्वी आम्ही एका कार्यालयात गेलो होतो. काम वेगळेच होते. तिथल्या कंत्राटी सफाई कामगार महिलांना किमान वेतन मिळत नव्हते, त्याची तक्रार घेऊन गेलो होतो. मागच्या आवारात भिंतीला टेकवून दोन-अडीचशे जुन्या ट्यूबलाईट ठेवलेल्या दिसल्या. इमारतीत एलईडी बसवले होते आणि जुना माल बाहेर काढला होता. एक मावशी त्या ट्यूब गोणीत घालून पायाने मोडत होत्या. "उभ्या मावत नाहीत गाडीत," म्हणाल्या. हातात मोजे नव्हते. नाकाला पदर होता, तेवढाच.

आम्ही तिथल्या साहेबांना विचारले, "या ट्यूबची विल्हेवाट कशी लावायची याचा कायदा आहे, माहीत आहे का?" साहेब म्हणाले, "काच तर आहे. आणि त्यांचं कामच आहे ते."

"त्यांचं कामच आहे ते." मित्रांनो, हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. आपल्या पणजोबांनी ते गावच्या पाटलाच्या तोंडून ऐकले होते. तेव्हा समोर मेलेले ढोर होते, आज मेलेली ट्यूबलाईट आहे. म्हणून ट्यूबलाईटचा इतिहास आपल्याला माहीत असायला हवा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ट्यूबलाईट ही नुसती काच नाही. ट्यूब आणि सीएफएल यांच्या आत पारा असतो. वीज गेली की पाऱ्याच्या वाफेतून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात. काचेला आतून लावलेली पांढरी पावडर त्या किरणांचा उजेड करते. ट्यूब फुटली की ती वाफ बाहेर पडते. पावडरीत आणि काचेला चिकटलेला पारा पुढेही हळूहळू उडत राहतो. पाऱ्याच्या वाफेला वास नाही, रंग नाही. श्वासातून आत गेलेल्या वाफेचा बहुतांश भाग शरीर शोषून घेते. त्याचा मार मेंदूवर, मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडावर बसतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंतही तो पोहोचतो.

कोणी म्हणेल, एका ट्यूबमध्ये पारा असतो किती? काही मिलिग्रॅम. बरोबर आहे. घरात एखादी ट्यूब फुटली तर खिडक्या उघडाव्यात, घाबरू नये. पण मावशींसमोर अडीचशे ट्यूब होत्या. आणि हे काम त्या एकाच दिवशी करतात असेही नाही. साहेबांच्या आयुष्यात एखादी ट्यूब फुटते, मावशींच्या आयुष्यात त्या रोज फुटतात. मिलिग्रॅमचा हिशेब सांगणारे हा गुणाकार कधी करत नाहीत.

उजेड कोणाला, आजार कोणाला?

ट्यूबलाईट १९३८ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती झळकली. दुसऱ्या महायुद्धात कारखाने रात्रंदिवस चालू लागले आणि या स्वस्त, थंड उजेडाची मागणी प्रचंड वाढली.

त्या काळच्या ट्यूबमधल्या पांढऱ्या पावडरीत बेरिलियम नावाच्या धातूची संयुगे असत. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सालेम शहरात ट्यूब बनवण्याच्या कारखान्यातले कामगार आजारी पडू लागले. त्यांत तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. दम लागायचा, खोकला थांबायचा नाही, वजन झपाट्याने उतरायचे. १९४३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याच्या अहवालाने बेरिलियम स्वतः विषारी नाही असा निष्कर्ष काढला होता. मग हॅरिएट हार्डी नावाच्या डॉक्टर बाईंनी एकेका रोग्याची नोंद केली आणि १९४६ मध्ये सहकाऱ्यासह सालेमच्या १७ कामगारांच्या आजाराचा शोधनिबंध छापला. अखेर १९४९ मध्ये कंपन्यांनी ट्यूबमध्ये बेरिलियम वापरणे थांबवले. पारा मात्र राहिला. त्याच्याशिवाय ट्यूब पेटतच नाही.

आता त्याच १९४३ सालात भारतात या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर मंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडलेला विचार आपण विसरलो आहोत. भारताला दारिद्र्यातून बाहेर काढायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना मुबलक, स्वस्त वीज हवी, असे ते सांगत होते. त्याच मंत्रिपदाच्या काळात, १९४६ मध्ये, कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांच्या कामाची मर्यादा कायद्यात आली.

म्हणजे बाबासाहेबांनी वीज आणि मजूर यांचा विचार एकत्र केला. विजेचा फायदा मजुरापर्यंत पोहोचावा हा त्यामागचा आग्रह होता. आपण मात्र वीज घेतली आणि मजूर विसरलो. उजेड वरच्या मजल्यावर गेला, पारा मागच्या आवारात आला.

भंगारात सापडलेला पारा

पारा काय करू शकतो हे जगाने जपानच्या मिनामाता गावात पाहिले. एका रासायनिक कारखान्याचे सांडपाणी समुद्रात जात होते. त्यातला पारा माशांत उतरला आणि मासे खाणाऱ्यांच्या शरीरात गेला. १९५६ मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भोगले ते कोळ्यांच्या घरांनी.

भारताचा धडा तमिळनाडूतल्या कोडाईकनालचा आहे. अमेरिकेतल्या वॉटरटाऊनमधला थर्मामीटरचा कारखाना १९८०च्या दशकात तिथे हलवण्यात आला. पुढे तो हिंदुस्तान लिव्हरकडे आला. २००१ मध्ये तिथल्या एका भंगारवाल्याच्या आवारात पारा लागलेल्या फुटक्या काचेचा ढीग लोकांनी उघडकीस आणला आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला. २००३ मध्ये सुमारे २९० टन पारायुक्त कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. कंपनीने कामगारांच्या आजारांशी संबंध नाकारला. तरी १५ वर्षे लढून ५९१ माजी कामगारांनी २०१६ मध्ये तडजोडीने भरपाई मिळवली.

ही थर्मामीटरची गोष्ट आहे, ट्यूबची नव्हे. पण रस्ता तोच आहे. कारखान्यातून किंवा कार्यालयातून निघालेली पाऱ्याची काच भंगाराच्या दुकानात जाते. भंगारवाल्याला ट्यूबच्या काचेचे पैसे मिळत नाहीत. त्याला टोकांच्या टोप्यांचे ॲल्युमिनियम हवे असते, चोकमधले तांबे हवे असते. म्हणून ट्यूब फोडतात. फोडणारे हात कोणाचे असतात, हे या ब्लॉगच्या वाचकांना सांगायला नको. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तेव्हा तिच्यात आल्या त्या बहुसंख्य बायाच होत्या, आणि बहुसंख्य दलित होत्या.

२०१६ सालच्या चार तारखा

कायदा काय म्हणतो? अमेरिकेने जुन्या ट्यूबसाठी खास नियम १९९९ मध्ये केले. भारतात ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ चे, पण त्यांत ट्यूब नव्हती. ती आली २३ मार्च २०१६ च्या नियमांत. जगात ट्यूब विकायला आल्यानंतर ७८ वर्षांनी!

या नियमांनी ट्यूब बनवणाऱ्या कंपनीवर तिचा जुना माल परत घेण्याची जबाबदारी टाकली. सरकारी खाती, बँका, शाळा-कॉलेजे, मोठ्या कंपन्या यांना 'मोठे ग्राहक' ठरवले. त्यांनी ट्यूब अधिकृत संकलन केंद्राकडे किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायची, नोंद ठेवायची आणि १८० दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाही. जिथे असा कारखाना नाही तिथे ट्यूब घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवायच्या, आणि पुरण्याआधी त्यातला पारा बांधून टाकायचा.

८ एप्रिल २०१६ ला घनकचऱ्याचे नियम आले. त्यांनी सीएफएल आणि ट्यूब यांना घरगुती घातक कचरा म्हटले. शहरात दर २० चौरस किलोमीटरला असा कचरा जमा करण्याचे एक केंद्र हवे, आणि कचरा हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे, मास्क, बूट हवेत, असे लिहिले.

याच वर्षीच्या आणखी दोन तारखा बघा. २६ जानेवारी २०१६ ला ॲट्रॉसिटी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला मेलेली जनावरे उचलायला लावणे हा तिने गुन्हा ठरवला. आणि ११ जुलै २०१६ ला गुजरातमध्ये उना घडले. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या तरुणांना भर रस्त्यात मारले. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरे सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. ज्यांची जनावरे, त्यांनीच त्यांचे काय ते बघावे!

या चार तारखा आपण कधी एकत्र वाचल्या नाहीत. पर्यावरणवाले मार्च आणि एप्रिलच्या तारखा वाचतात, आपण जानेवारी आणि जुलैच्या. प्रश्न मात्र एकच आहे. वापरून झालेली, मेलेली, विषारी झालेली वस्तू कोणी उचलायची?

या प्रश्नाचे उत्तर महाडने १९२७ मध्येच दिले होते. चवदार तळ्याचे पाणी आपल्याला आठवते. पण मार्चमधल्या त्या परिषदेने सवर्णांना असेही बजावले होते की, आपली मेलेली जनावरे त्यांनी स्वतःच पुरावीत. आज ज्याला 'उत्पादकाची विस्तारित जबाबदारी' म्हणतात, ज्यावर परिसंवाद भरतात, त्याचा गाभा याहून वेगळा काय आहे? ज्याने वस्तूचा फायदा घेतला, त्यानेच तिच्या मरणाचा भार उचलावा. फरक इतकाच की महाडने हे जातीचा प्रश्न म्हणून ओळखले. सरकारी नियमांत उत्पादक आहे, ग्राहक आहे, पुनर्चक्रीकरण करणारा आहे. जात नाही. म्हणून कागदावरची जबाबदारी कंपनीची राहते, आणि गोणी मावशींच्या हातात जाते.

नियम ढिले होत आहेत

२०२२ च्या नव्या नियमांनी मोठ्या ग्राहकाची व्याख्याच बदलली. आता वर्षभरात विजेच्या किमान १,००० वस्तू वापरणारी संस्थाच मोठा ग्राहक. म्हणजे असंख्य लहान कचेऱ्या, दुकाने, दवाखाने त्यातून सुटले. पर्यावरण संरक्षण कायद्यात आधी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. जनविश्वास कायद्याने तो काढून १० हजार ते १५ लाखांचा दंड ठेवला. धंदा करणे सोपे झाले. ट्यूब उचलणे मात्र होते तितकेच अवघड राहिले.

दुसरीकडे जुन्या ट्यूबची लाट येते आहे. सरकारनेच २००९ मध्ये बचत दिवा योजनेत १५ रुपयांना सीएफएल वाटले. २०१५ पासून एलईडी वाटले. मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. त्या करारातल्या देशांनी २०२३ मध्ये ठरवले की २०२७ पर्यंत ट्यूबलाईट बनवणे आणि त्यांची आयात-निर्यात बंद करायची. चांगले आहे. पण ज्या ट्यूब आज भिंतींवर लटकत आहेत, त्या एकेक करून खाली येणार. त्या कोणाच्या हातात पडणार?

काही कार्यकर्ते म्हणतील, ट्यूब अधिकृत कारखान्यात गेल्या तर आपल्या लोकांची रोजी जाईल. आम्ही हा आक्षेप हलका मानत नाही. पण ट्यूबमधून कचरावेचकाला मिळते किती? ॲल्युमिनियमच्या दोन टोप्या. आणि हाच युक्तिवाद मेलेल्या ढोरांच्या वेळीही झाला होता: मांस जाईल, कातडे जाईल, खाणार काय? बाबासाहेबांनी तो मानला नाही. रोजी हवी तर ती सुरक्षित हवी. कचरावेचकांच्या संघटनांना ट्यूब न फोडता गोळा करण्याचे काम द्या, त्याचा दर कंपनी आणि कार्यालयाने द्यावा, प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणी द्यावी. तो खरा पर्याय.

मग आपण काय करायचे?

आपल्या शहरातले महापालिका कार्यालय, जिल्हा रुग्णालय, कॉलेज, बँक, कारखाना यांपैकी एक निवडा. सरकारी असेल तर माहिती अधिकारात विचारा: गेल्या तीन वर्षांत किती ट्यूब काढल्या, कोणाला दिल्या, पावती कुठे आहे? महापालिकेला विचारा: दर २० चौरस किलोमीटरचे केंद्र कुठे आहे? नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर मिळते. ती काढून कार्यालयाच्या हातात द्या. खासगी मालकालाही तोच प्रश्न विचारा.

सफाई कामगार मावशींना, ताईंना हे सांगा: ट्यूब फोडायची नाही. खोक्यात उभी किंवा आडवी, अख्खी ठेवायची. फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटे बाहेर थांबायचे. झाडू मारायचा नाही, झाडूने पारा पसरतो. जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या डब्यात भरायचे, बारीक पावडर चिकटपट्टीने उचलायची. आणि मोजे-मास्क दिले नाहीत तर ते मागायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तो त्यांनी बजावला तर पाठीशी आपण उभे राहायचे.

सुरुवात घरापासूनही करू. आपल्या विहारांत, वसतिगृहांत, समाजमंदिरांत बदललेल्या ट्यूब कुठे जातात? आम्ही आमच्या विहारात विचारले. कोणालाच माहीत नव्हते. आता एका कपाटात खोकी ठेवली आहेत.

त्या कार्यालयाला आम्ही लेखी अर्ज दिला आहे. उत्तर अजून नाही. मावशींनी मात्र दुसऱ्या दिवशी उरलेल्या ट्यूब मोडल्या नाहीत. मुकादम ओरडला, तेव्हा म्हणाल्या, "ज्याच्या आहेत त्याला सांगा उचलायला."

महाडचा ठराव त्यांनी कधी वाचला नसेल. वाचायची गरज पडली नाही.

जय भीम!