तेलगी, नाशिक रोडचं भंगार आणि आपला ओटीपी

नाशिक रोड म्हटलं की बाहेरच्यांना 'नोटा छापतात तिथे' एवढंच माहीत असतं. खरं तर तिथे दोन छापखाने आहेत: १९२५ चा इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ चा करन्सी नोट प्रेस. त्याआधी आपली पोस्टाची तिकिटं चक्क लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून यायची. पुढे तिकिटं, नोटा, स्टॅम्प पेपर, पासपोर्ट असं सगळं नाशिक रोडला आलं. वॉटरमार्क, खास कागद, उंच भिंती, पहारा... एकदम कडेकोट.

आणि तरीही अब्दुल करीम तेलगी झालाच.

हा मूळचा बेळगावजवळच्या खानापूरचा. लहानपणी रेल्वेत फळं विकायचा. १९९४ मध्ये त्याने मुद्रांक विक्रीचा रीतसर सरकारी परवाना मिळवला. मग तपासात जे बाहेर आलं ते असं, की नाशिकच्या प्रेसने भंगारात काढलेली यंत्रं त्याने आतल्या लोकांना हाताशी धरून मिळवली आणि मुंबईत स्वतःचा छापखाना टाकला. गिऱ्हाइकं कोण, तर बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल. म्हणजे कागदपत्रं तपासणं हाच ज्यांचा धंदा! नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला, मागोमाग काही पोलीस अधिकारीही आत गेले, २००६ मध्ये त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळुरूत तो वारला. घोटाळा किती कोटींचा, यावर पेपरवाल्यांचं कधीच एकमत झालं नाही. असो.

माझ्यातल्या इंजिनिअरला यात वेगळीच गंमत दिसते. प्रेसची भिंत कोणी फोडली नाही. तेलगी दोन दारांनी आत आला, आणि दोन्ही उघडीच होती. एक दार भंगाराचं. दुसरं गिऱ्हाइकाच्या सवयीचं: परवानेवाला माणूस, ओळखीचा शिक्का, बाजारात तुटवडा आणि आपल्याला घाई. मग कागद उजेडात धरून बघतो कोण?

आता आपल्याकडे बघा. नेटबँकिंगचं एन्क्रिप्शन तोडायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. फोन येतो, "सर, केवायसी संपलंय, आज खातं बंद होईल." त्याला तुमचं नाव, बँक, कधीकधी कार्डाचे शेवटचे चार आकडेही माहीत असतात. अहो, तो तेलगीचा परवाना आहे! माहिती असणं म्हणजे बँकेचा माणूस असणं नव्हे. बनावट साइटलाही 'एचटीटीपीएस' मिळतं; त्याचा अर्थ मधल्या वाटेत कोणी वाचत नाही इतकाच, पलीकडे कोण बसलाय ते त्यातून कळत नाही. फोन ठेवायचा आणि कार्डामागचा नंबर आपण स्वतः फिरवायचा. तसंच यूपीआयचं. पैसे *घ्यायला* पिन लागत नाही, कोणी मागितला की समजून जा.

तेलगीनंतर कागदी स्टॅम्प मागे पडत गेले. ई-स्टॅम्पवर एक नंबर असतो, तो देणाऱ्याच्याच साइटवर जाऊन पडताळता येतो. विक्रेता कितीही गोड बोलो, खात्री मुळाशी जाऊन करायची. मला तरी ही सुधारणा वॉटरमार्कपेक्षा मोठी वाटते.

भंगाराच्या दाराकडे मात्र आपण कोणीच बघत नाही. जुना लॅपटॉप फाइली डिलीट करून विकतो. पण डिलीट केलेलं बऱ्याचदा परत काढता येतं. आधी डिस्क एन्क्रिप्ट करा, मग फॅक्टरी रीसेट. आणि जुना मोबाइल नंबर? तो बंद केल्यावर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्या नंबरला जोडलेलं खातं तुम्ही बदललं नसेल, तर ओटीपी त्या नव्या माणसाकडे जाणार. बिचाऱ्याने काही मागितलेलंही नसतं.

पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळणारी रक्कम मध्येच गोठवता येते, पण पहिल्या काही तासांतच. नातेवाइकांना विचारत बसू नका.