शिखरावरचे बिनतारी : ऐकल्याची साक्ष

रेडिओचा इतिहास बहुधा अंतराचा इतिहास म्हणून लिहिला जातो. आधी टेकडी ओलांडली, मग खाडी, मग महासागर. या कथनात डोंगर येतो तो केवळ पार्श्वभूमी म्हणून. परंतु पाठीवर संच, बॅटरी आणि तारेचे भेंडोळे घेऊन शिखर चढायचे, तेथून दूरच्या माणसांशी दोन शब्द बोलायचे आणि उतरायचे, असा एक छंद हॅम मंडळींमध्ये, म्हणजे परवाना घेऊन स्वतःचे बिनतारी केंद्र चालवणाऱ्या हौशी माणसांमध्ये, गेल्या दोन दशकांत जगभर रुजला आहे. या छंदाची नियमावली वाचताना एक जुना प्रश्न पुन्हा समोर येतो. बोललेले ऐकू आले, हे कोणी आणि कसे सांगायचे? बिनतारीचा आणि गिर्यारोहणाचा, दोन्हींचा इतिहास या प्रश्नापाशी अडखळलेला आहे.

आरंभापासूनच पाहू. १८९५ साली इटलीतील बोलोन्याजवळ पोन्तेक्यो येथील आपल्या घरातून मार्कोनीने संकेत पाठवला, तो मधल्या टेकडीपलीकडे पोहोचला. टेकडीमागचे ग्राहक यंत्र आणि त्यापाशी उभा असलेला माणूस घरातून दिसत नव्हता. म्हणून संकेत मिळताच त्याने बंदुकीचा बार काढला, अशी ही कथा सांगितली जाते. मराठी वाचकाला येथे विशाळगडावरच्या तोफांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६६० साली घोडखिंडीत झुंजणाऱ्या बाजीप्रभूंना राजे गडावर पोहोचल्याची वार्ता तोफांच्या आवाजाने मिळाली, असे परंपरा सांगते. दोन्ही प्रसंगांत डोंगर दृष्टीआड करणारा आहे आणि दोन्हींत पोहोचल्याची पावती दारूगोळ्याने दिली आहे. बिनतारीचा जन्म झाला त्या क्षणी बिनतारीला स्वतःची पावती स्वतः देता येत नव्हती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

सहा वर्षांनी डोंगराची भूमिका पालटली. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर मार्कोनीने पतंगाच्या आधाराने अँटेनाची तार आकाशात चढवली आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी असलेल्या पोल्ढू केंद्राचा संकेत ऐकला. मोर्स लिपीतील ‘एस’ हे अक्षर, म्हणजे केवळ तीन टिंबे. मधले अंतर सुमारे ३४०० किलोमीटर. परंतु कागदी पट्टीवर नोंद उमटली नव्हती. ऐकणारे कान दोनच होते, मार्कोनीचा आणि त्याचा सहायक केम्प याचा. त्यामुळे तो खरोखर संकेत होता की वातावरणातील खरखर, हा वाद पुढे शतकभर चालला. टेकडी अडथळ्याची मदतनीस झाली, पण साक्षीचा पेच सुटला नाही.

तो सोडवला हौशी मंडळींनी, आणि तोही नाइलाजाने. अमेरिकेतील १९१२ च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालील तरंगलांबीवर ढकलले. त्या काळी हा पट्टा दूरच्या संपर्कासाठी निरुपयोगी समजला जाई. याच पट्ट्यातून नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरातील लेऑं देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी अटलांटिकच्या आरपार संभाषण केले. हे संभाषण दुहेरी होते, हा मुद्दा महत्त्वाचा. एकाने विचारले, दुसऱ्याने उत्तर दिले आणि दोघांनीही आपापल्या वहीत नोंद केली. पावतीसाठी बंदुकीचा बार लागला नाही. तेव्हापासून हौशी बिनतारीत ‘संपर्क झाला’ याचा अर्थ उभयपक्षी ऐकणे असाच राहिला आहे.

पुढे हौशी मंडळी आणखी लहान लहरींकडे वळली आणि डोंगर पुन्हा महत्त्वाचा ठरला. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिज जितके दूर तितका पल्ला मोठा. शंभर मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते, तर हजार मीटरवरून सुमारे ११३ किलोमीटरवर. मूळचा ऑस्ट्रेलियन असलेल्या रॉस हल याने १९३४ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले की, हवेतील उष्ण आणि थंड थरांमुळे पाच मीटरच्या लहरी क्षितिजाखालीही वाकतात. तरीही उंचीचे माहात्म्य कमी झाले नाही. उलट, लांब लहरींवर संदेश आयनांबरावरून परावर्तित होत असल्याने तेथे उंचीची फारशी गरज नसली, तरी वस्तीतील विजेच्या उपकरणांची खरखर शिखरावर पोहोचत नाही. क्षीण आवाज ऐकायचा तर शांतता हवी, आणि ती वर असते.

या पार्श्वभूमीवर १९५३ चे एव्हरेस्ट आठवावे. २९ मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले, पण शिखर मुकेच होते. ‘टाइम्स’चा वार्ताहर जेम्स मॉरिस डोंगर उतरला. त्याचा संदेश नामचे बाजार येथील भारतीय बिनतारी ठाण्यापर्यंत धावपट्याने पोहोचवला आणि तेथून तो काठमांडूला गेला. संदेश सांकेतिक होता. वरवर वाचणाऱ्याला त्यात हवामान बिघडल्याची वार्ता दिसावी आणि जाणत्याला विजयाची कळावी, अशी त्याची रचना होती. २ जूनला, राणीच्या राज्यारोहण समारंभाच्या दिवशी, वार्ता छापून आली. शब्द एक सांगतात आणि अर्थ दुसराच असतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण साहित्याच्या अभ्यासकाला क्वचितच मिळेल.

गिर्यारोहणाच्या परंपरेत साक्षीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ह्यू मन्रो याने १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील ३००० फुटांवरील शिखरांची यादी प्रसिद्ध केली आणि ती पूर्ण करण्याचे वेड पुढे पसरले. मन्रोची स्वतःची यादी अपुरीच राहिली. ती प्रथम पुरी केल्याचा मान १९०१ साली ए. ई. रॉबर्टसन या पाद्र्याला मिळाला. पण त्याच्याच रोजनिशीत बेन विव्हिस या डोंगरावरून पावसामुळे परतल्याची नोंद आहे आणि पुन्हा गेल्याची नोंद सापडत नाही. एकट्याने चढलेल्या डोंगराला चढणाऱ्याची वही हाच पुरावा, आणि ती वहीच कधी त्याच्या विरुद्ध बोलते.

१९९२ मध्ये अ‍ॅलन डॉसन याने ब्रिटनमधील डोंगरांची नवी यादी केली. येथे निकष समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा नव्हता. शेजारच्या खिंडीपासून डोंगर निदान १५० मीटर उठलेला असावा, एवढेच. ‘मन्रो’ला कोटीने उत्तर म्हणून या डोंगरांना ‘मॅरिलिन’ असे नाव पडले. बुटका पण स्वतंत्र उभा असलेला डोंगर त्यामुळे प्रतिष्ठित झाला. याच निकषावर जॉन लिनफर्ड याच्या कल्पनेतून २ मार्च २००२ रोजी इंग्लंड-वेल्समध्ये ‘समिट्स ऑन द एअर’, म्हणजेच ‘सोटा’, हा उपक्रम सुरू झाला. आज शंभराहून अधिक प्रादेशिक संघटना त्यात आहेत.

त्याचे नियम थोडके आहेत. शेवटची चढण वाहनाने करायची नाही. सर्व सामान स्वतः वाहून न्यायचे. केंद्र शिखराच्या माथ्यापासून उभ्या २५ मीटरच्या आत असावे. वीज इंधनावरच्या जनित्राची नको, बॅटरीची किंवा सूर्यप्रकाशाची चालेल. जमिनीवरील पुनःप्रक्षेपण केंद्राच्या मदतीने झालेला संपर्क धरला जात नाही. आणि गुण हवे असतील तर निदान चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क व्हायला हवा. चढणाऱ्याइतकाच घरी बसून त्याला शोधणाराही गुण मिळवतो. हजार गुण झाले की चढणाऱ्याला ‘डोंगरी बोकड’ आणि ऐकणाऱ्याला ‘खोलीतला आळशी अस्वल’ अशा अर्थाच्या पदव्या मिळतात. विनोदाने का होईना, येथे श्रोत्याला कर्त्याच्या बरोबरीचे स्थान मिळाले आहे.

या नियमांकडे वृत्ताच्या नियमांसारखे पाहता येईल. वृत्त आशय देत नाही, पण कवीला काय टाळायचे ते सांगते. येथेही सोय टाळायची आहे. आज अनेक शिखरांवर खिशातला मोबाइल सहज बोलतो, म्हणून निरोप पोहोचवणे हा या खटाटोपाचा हेतू असूच शकत नाही. संभाषणात असते काय? दोघांची संकेतनावे, आवाज कितपत ऐकू आला याचे आकडे, शिखराचा क्रमांक आणि निरोपाचे ‘७३’. बातमी नाही, मत नाही, भावना नाही. भाषेतून सारा आशय गाळून टाकला तर तळाशी जे उरते तेवढेच : मी येथे आहे, तू ऐकतो आहेस. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांतून परवान्यासाठी मोर्स लिपीची सक्ती गेली. तरीही शिखरांवर ती टिकली आहे, कारण पाच वॉटचा क्षीण संकेत वाणीपेक्षा टिंबरेषांनी दूर जातो.

तरी एक फट राहतेच, आणि ती लपवण्याचे कारण नाही. चार माणसे ऐकल्याची साक्ष देतात. पावले माथ्यावर पोहोचल्याची साक्ष ती देऊ शकत नाहीत. आवाज शिखरावरून आला की खालच्या खिंडीतून, हे कान सांगत नाही. रॉबर्टसनच्या वहीचा पेच असा अर्धाच सुटतो आणि उरलेला भाग विश्वासावर सोडावा लागतो. मराठी समीक्षेत ‘हौशी’ हा शब्द आपण कमीपणाने वापरतो : हौशी लेखक, हौशी नट. येथे मात्र हौस हीच प्रामाणिकपणाची हमी ठरते. बक्षीस नाही, पैसा नाही, मग खोटे बोलून फसवायचे कोणाला? शेवटी उरते ती नोंदवहीची एक ओळ : तारीख, वेळ, शिखर, संकेतनाव. तीच ओळ दूर कुठल्या तरी गावी दुसऱ्या एका वहीत, दुसऱ्या हाताने लिहिलेली असते. दोन वह्यांतल्या या दोन ओळी जुळतात, तेव्हा संपर्क झाला असे मानले जाते.