घोडा, तलवार आणि उसने नाव: न वाचणाऱ्यांच्या ओळखीच्या वीरांगना

१) जालना जिल्ह्यातील बदनापूर तालुक्यात धोपटेश्वर हे गाव आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या दगडाबाई शेळके या गावच्या. त्यांची ओळख करून देताना मराठवाड्यात एक बिरुद हमखास वापरले जाते: 'मराठवाड्याची झाशीची राणी'. हा धागा त्या बिरुदाविषयी आणि त्यामागच्या एका मोठ्या प्रश्नाविषयी. 🧵

२) राणी लक्ष्मीबाई १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ धारातीर्थी पडल्या. दगडाबाईंचा लढा १९४८ च्या सुमाराचा. मध्ये नव्वद वर्षे गेली आणि झाशी तर जालन्यापासून कित्येक मुलूख ओलांडून पलीकडे. मग बदनापूरच्या शेतकरी कुटुंबातील एका स्त्रीचा पराक्रम सांगताना लोकांना हीच राणी का आठवावी?

३) 'पुस्तकांमुळे' हे उत्तर येथे पुरत नाही. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यात दर दहा माणसांमागे लिहिता-वाचता येणारा जेमतेम एक होता. स्त्रियांत हे प्रमाण त्याहून पुष्कळ कमी. निजामी राजवटीत कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी पुस्तक खेड्यातील घरात पोहोचणे ही अपवादाची गोष्ट.

४) म्हणजे राणी लक्ष्मीबाई जालन्याच्या खेड्यांना ठाऊक होत्या त्या बहुतांशी न वाचता. पराक्रमी स्त्री न वाचणाऱ्यांपर्यंत कशी पोहोचते, पोहोचताना तिचे काय उरते आणि काय गळून पडते, हा प्रश्न चित्रकथांच्या जगातही तितकाच जिवंत आहे. त्यासाठी आधी थोडे दूर जाऊ.

५) १९४१ च्या अखेरीस अमेरिकेत 'वंडर वुमन' ही नायिका चित्रकथेत अवतरली. तिचा निर्माता विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ होता. खोटे पकडण्यासाठी रक्तदाबाचा उपयोग करता येईल का, यावर त्याने संशोधन केले होते. तिच्या हातातील सोनेरी फास ज्याच्याभोवती पडेल त्याला खरे बोलावेच लागते, ही कल्पना त्याचीच.

६) आज जगभर कोट्यवधी लोक तिला ओळखतात, पण त्यांतील फारच थोड्यांनी तिची मूळ चित्रकथा उघडली असेल. तिला घरोघरी नेले ते १९७५ ते १९७९ या काळातील लिंडा कार्टर यांच्या दूरचित्रवाणी मालिकेने आणि नंतर २०१७ च्या चित्रपटाने. मुकुट, फास आणि मनगटावरची कडी एवढे लक्षात राहिले. मार्स्टन, त्याचे विचार, जुन्या कथा हे सारे वाचकांपुरते उरले.

७) अशा ओळखीला मर्यादा असते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वुमनला स्त्रिया आणि मुलींच्या सक्षमीकरणासाठी मानद दूत नेमले. संघाच्या कर्मचाऱ्यांनीच तिच्या तोकड्या वेशावर आक्षेप घेतला आणि दोन महिन्यांत ती नेमणूक संपली. चाहत्यांना तिची कथा दिसत होती, विरोधकांना पोशाख. दोघेही आपापल्या जागी खरे होते, कारण न वाचणाऱ्यापर्यंत पोहोचला होता तो पोशाखच.

८) आता मराठी मुलखाकडे. १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'ने ली फॉकचा 'फँटम' भारतात आणला. मराठीत तो 'वेताळ' झाला. कवटीची अंगठी, मुखवटा आणि पांढरा घोडा यांमुळे ज्यांनी एकही अंक विकत घेतला नाही त्यांनाही वेताळ ठाऊक झाला. त्याची सखी डायना पामर मात्र अंक वाचणाऱ्यांच्याच स्मरणात राहिली.

९) डायना काही केवळ वाट पाहणारी स्त्री नव्हती. ती पट्टीची जलतरणपटू होती आणि संयुक्त राष्ट्रसंघात काम करी. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी निर्मिलेल्या 'बहादूर'ची सोबती बेला स्वतःच्या हिमतीवर लढणारी होती. तरीही या दोघींची नावे चित्रकथांबाहेर फारशी गेली नाहीत. त्यांच्या हाती त्यांचे असे एकही चिन्ह नव्हते आणि अंकाचे नावही त्यांच्यावरून पडत नव्हते.

१०) याच्या अगदी उलट गोष्ट घडली मुंबईत, तीही वंडर वुमनच्या सहा वर्षे आधी. १९३५ मध्ये वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' हा चित्रपट झळकला. दिग्दर्शक होमी वाडिया. नायिका ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, म्हणजेच 'फिअरलेस नाडिया'. मुखवटा घालून, घोड्यावर बसून, चाबूक उगारून अन्यायाचा बदला घेणारी राजकन्या तिने पडद्यावर उभी केली.

११) हंटरवाली अफाट गाजली. पुढे नाडियाचे चित्रपट विस्मरणात गेले, तिचा चेहराही गेला. शब्द मात्र राहिला. आजही मराठी बोलण्यात एखाद्या करड्या बाईला 'हंटरवाली' म्हणतात. म्हणणाऱ्याने तो चित्रपट पाहिलेला नसतो. अन्यायाविरुद्ध उगारलेला चाबूक विसरला गेला आणि उरली ती थट्टा. नाव टिकूनही अर्थ कसा उलटू शकतो, याचा हा बोलका दाखला.

१२) आता राणी लक्ष्मीबाईंकडे परत येऊ. मराठीत त्यांच्याविषयी लिहिले गेले ते लवकर आणि उत्तम. द. ब. पारसनीसांनी १८९४ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. झाशीच्या वेढ्यात स्वतः अडकलेल्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. पण हे वाचकांचे साहित्य होते.

१३) न वाचणाऱ्यांपर्यंत राणी गेली ती अन्य वाटांनी. कविता तोंडपाठ होऊन ऐकवल्या गेल्या. हिंदीत सुभद्राकुमारी चौहान यांची, मराठीत भा. रा. तांबे यांची. भिंतीवरच्या तसबिरी आणि दिनदर्शिका होत्या. सभांतील व्याख्याने होती. १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोसांनी आझाद हिंद सेनेतील स्त्रियांच्या पलटणीला राणीचेच नाव दिले, तेव्हा ते नाव पुन्हा एकदा देशभर दुमदुमले.

१४) या सर्व वाटांवरून एकच आकृती फिरत राहिली: उधळलेला घोडा, उगारलेली तलवार, पाठीशी बांधलेले मूल. तीन खुणा पुरेशा होत्या. चित्राखाली नाव लिहिलेले नसले तरी, आणि पाहणाऱ्याला ते वाचता येत नसले तरी, ही कोण हे त्याला कळत असे.

१५) आकृती मात्र तपशील आपल्या सोयीने बदलते. दत्तकपुत्र दामोदरराव १८५३ मध्ये दत्तक गेला तेव्हाच सुमारे पाच वर्षांचा होता, म्हणजे १८५८ मध्ये तो चांगला जाणता मुलगा होता. पुतळ्यांत आणि तसबिरींत तो पुष्कळदा तान्हा दिसतो. त्याचबरोबर राणीची कंपनी सरकारशी चाललेली लेखी झुंज, वकील, अर्ज, दत्तकविधानाचा कायदेशीर वाद हे सारे चित्रातून गळून पडले, कारण अर्ज काही घोड्यावर बसवता येत नाही.

१६) १९६७ मध्ये अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. झाशीची राणी, अहिल्याबाई होळकर, चांदबिबी, राणी दुर्गावती यांच्यावर पुस्तिका निघाल्या. येथे एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यायला हवा. अमेरिकेत नायिका आधी कागदावर जन्मली आणि मग पडद्यामार्गे न वाचणाऱ्यांकडे गेली. आपल्याकडे ती आधी न वाचणाऱ्यांत वावरत होती आणि कागदी चित्रकथा हा तिचा पुढचा मुक्काम ठरला.

१७) त्यामुळे चित्रकथेच्या चित्रकाराला आकृती नव्याने शोधावी लागली नाही, लोकांच्या नजरेत ती तयारच होती. त्याहूनही मागे गेले तर वाहन आणि आयुधे यांवरून स्त्रीशक्ती ओळखण्याची सवय या मातीत फार जुनी आहे. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही मराठवाड्याचीच दैवते. जालना जिल्ह्यात अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. नवरात्रात तिथे जमणाऱ्या बाईला देवीची आयुधे कोणी पुस्तकातून शिकवलेली नसतात.

१८) ही सवय अलीकडच्या चित्रकथाकारांनीही ओळखली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर राम देविनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'प्रिया' ही नायिका निर्माण केली. अत्याचारातून वाचलेली ही ग्रामीण मुलगी पार्वतीच्या प्रेरणेने उभी राहते आणि वाघावर स्वार होते. वाघावर बसलेली स्त्री म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. प्रियाची पहिली ओळख तो वाघच करून देतो.

१९) अंबडचेच दुसरे उदाहरण अहिल्याबाईंचे. अंबड परगणा होळकरांकडे होता आणि मत्स्योदरीच्या देवळाशी त्यांचे नाव जोडले जाते. त्यांची आकृती लक्ष्मीबाईंच्या अगदी उलट: शुभ्र वस्त्र आणि तळहातावर शिवलिंग. तलवार नाही, घोडा नाही. तरी खेड्यातील माणूस त्यांना तत्काळ ओळखतो, कारण त्या आकृतीमागे डोळ्यांना दिसणारे घाट, बारवा आणि देवळे उभी आहेत.

२०) जिजाऊंचे तसेच. त्यांचे जन्मस्थान सिंदखेडराजा आज बुलडाणा जिल्ह्यात असले, तरी जालना शहरापासून फार दूर नाही. दरवर्षी १२ जानेवारीला तेथे लोटणारा जनसमुदाय काही चरित्रे वाचून येत नाही. तारीख, वाडा आणि बालशिवाजींसह असलेली प्रतिमा या तीन गोष्टी त्याला पुरतात. ठरावीक दिवस आणि ठरावीक जागा ही न वाचणाऱ्यांच्या स्मृतीची सर्वात भक्कम साधने.

२१) आता दगडाबाई शेळके. पुरुषी वेश, घोड्यावरची रपेट, हाती शस्त्र, रझाकारांना दिलेली टक्कर असे त्यांचे वर्णन मुक्तिलढ्याच्या आठवणींत येते. चित्रकथेच्या नायिकेला लागते ते सारे येथे आहे: वेशांतर, वाहन, शस्त्र आणि समोर जुलमी शत्रू. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामी राजवट संपली. तोवर खेड्यापाड्यांतील अनेक अनाम स्त्री-पुरुषांनी हा लढा पेलला होता.

२२) एवढे असूनही जालन्याबाहेर त्यांचे नाव सांगितले तर किती जणांच्या डोळ्यांपुढे चेहरा येईल? लक्ष्मीबाईंच्या मागे राज्य होते, दरबार होता, आणि त्यांच्याविषयी अहवाल लिहिणारा ह्यू रोझसारखा शत्रूही होता. दगडाबाईंच्या मागे शेत होते आणि गाव होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा पराक्रम लिहायचा कोणी, हा जुनाच प्रश्न येथे पुन्हा आडवा येतो.

२३) म्हणून 'मराठवाड्याची झाशीची राणी' हे बिरुद दुधारी आहे. ऐकणाऱ्याला क्षणात सारे उमगते. घोडा आणि तलवार त्याच्या मनात तयारच असते. पण त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती लक्ष्मीबाई, दगडाबाई नव्हे. उसन्या नावाने त्यांना लोकांपर्यंत पोहोचवले आणि त्याच नावाने त्यांना झाकलेही.

२४) एका नायिकेच्या प्रकाशात दुसरीला पाहणे यात गैर काही नाही, समाज नवे असेच समजून घेतो. अडचण येते ती तेथेच थांबल्यावर. झाशीच्या राणीला पेशवाईची किंवा देवीची उपमा देऊन कोणी थांबले नाही. तिचे चरित्र झाले, कविता झाल्या, पुतळे झाले, चित्रकथा झाली, चित्रपट झाले. दगडाबाईंच्या बाबतीत मात्र उपमा हीच पुष्कळदा संपूर्ण ओळख होऊन बसते.

२५) आकृती घडवायला लागणारे साहित्य जिल्ह्यातच आहे. धोपटेश्वर हे गाव आहे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन दरवर्षी साजरा होतोच. पुरुषी वेशातील शेतकरी स्त्री ही राजवस्त्रातील राणीहून निराळी आणि सहज ओळखू येणारी प्रतिमा आहे. शाळेच्या भिंतीवर ती रंगवता येते, गावच्या पोवाड्यात बसवता येते, बारा पानांच्या चित्रकथेतही मांडता येते.

२६) २०११ च्या जनगणनेतही जालना जिल्ह्यातील स्त्रियांची साक्षरता राज्याच्या सरासरीच्या बरीच मागे होती. त्यामुळे केवळ ग्रंथ लिहून हे काम पुरे होणार नाही. ज्यांच्या गावची ही कथा आहे त्यांतील अनेकींना ती पाहूनच आणि ऐकूनच कळणार आहे. येत्या १७ सप्टेंबरला जिल्ह्यातील एखाद्या शाळेने मुलांना इतकेच सांगून पाहावे: 'झाशी' हा शब्द न वापरता दगडाबाई शेळके कोण होत्या, ते चित्र काढून दाखवा.

(धागा समाप्त)