निगेटिव्हवरचा ठिपका

गेल्या महिन्यात आईकडे गेलो आणि माळा आवरायचं काम अंगावर आलं. (आईकडे गेलं की ते येतंच.) बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मावशीच्या लग्नाच्या निगेटिव्ह सापडल्या. १९७२ साली बाबांनी काढलेले फोटो. घरातल्या सगळ्यांनी तो अल्बम पाहिलाय आणि त्यातला पांढरा ठिपकाही सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मंडपाबाहेर काढलेल्या प्रत्येक फोटोत, वर उजवीकडे, चिंचोक्याएवढा. आजी म्हणायची दृष्ट लागली. बाबा फोटो धुणाऱ्याला शिव्या घालायचे, आणि पुढे कित्येक वर्षं त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

निगेटिव्ह हाती आल्या म्हटल्यावर तपास करायचं ठरवलं. छापताना निगेटिव्हवर धूळ बसली असेल तर फोटोत पांढरा डाग येतो, पण निगेटिव्हवर काहीच नसतं. मी खिडकीशी धरून पाहिलं तर निगेटिव्हवरच काळा ठिपका होता. म्हणजे तिथे फिल्मला खरोखरच जादा प्रकाश लागला होता. छापणारा सुटला! घरातल्या फोटोंत ठिपका नाही, उन्हातल्या सगळ्यांत आहे, आणि तोही साधारण त्याच जागी. म्हणजे संशय कॅमेऱ्यावर. बाबांचा तो घडीचा, भात्याचा कॅमेरा अजून कपाटात आहे. रात्री दिवे घालवून भात्याच्या आत छोटी बॅटरी लावली. घडीच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं भोक चमकलं. काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावला असता तर भागलं असतं. बाबा आता नाहीत, दुकानही नाही. माफी कुणी कुणाची मागायची?

असो. हे सगळं करताना मला सारखी ज्युलियन वेबची गोष्ट आठवत होती. ठिपक्याचा इतका लांबवर गेलेला माग दुसरा मला माहीत नाही.

१९४५ चा शरद ऋतू. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅकच्या कारखान्यात एक विचित्र अडचण उभी राहिली. एक्स-रेच्या काही फिल्म वापरण्याआधीच खराब निघू लागल्या. धुतल्यावर त्यांवर काळे ठिपके, धुरकट डाग. इथे भात्याला भोक असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण या फिल्म कॅमेऱ्याच्या जवळपासही गेल्या नव्हत्या. आणि एक्स-रेवरचा ठिपका लग्नाच्या फोटोतल्या ठिपक्यासारखा हसण्यावारी नेता येत नाही. डॉक्टर त्यावरून निदान करतात.

कोडॅकचे पदार्थवैज्ञानिक वेब यांनी शोध सुरू केला. कंपनी आधी एकदा पोळलेली होती. युद्धकाळात घड्याळांच्या आणि उपकरणांच्या चमकणाऱ्या तबकड्यांना रेडियमचा रंग देत. तसल्या कारखान्यांतला रद्दी कागद पुठ्ठ्यात मिसळला आणि त्या पुठ्ठ्याने फिल्म बिघडवली. प्रकाश दिसो न दिसो, किरणोत्सर्गानेही चांदीचे क्षार तसेच बदलतात. १८९६ साली पॅरिसमध्ये हेन्री बेक्वेरेल यांना हेच कळलं होतं. काळ्या कागदात गुंडाळलेली काच त्यांनी युरेनियमच्या क्षाराबरोबर खणात ठेवली होती आणि ऊन नसतानाही तिच्यावर ठसा उमटला. रेडियमच्या अनुभवानंतर कोडॅकने पॅकिंगसाठी रद्दी टाळून पेंढ्यापासून नवा पुठ्ठा करून घ्यायला सुरुवात केली, तोही ठरावीक गिरण्यांमधून. तरीही ठिपके!

वेब यांनी संशयित पुठ्ठे फिल्मवर ठेवले. फिल्मवर पुन्हा ठिपके. (पुठ्ठ्याने स्वतःचाच फोटो काढून दिला म्हणायचा.) हा माल निघाला इंडियाना राज्यातल्या व्हिन्सेन्स गावच्या गिरणीचा, ६ ऑगस्ट १९४५ रोजी तयार झालेला. तारीख पुन्हा वाचा. त्याच दिवशी हिरोशिमावर बॉम्ब पडला. पण त्या बॉम्बचा या पुठ्ठ्याशी संबंध नव्हता, इतक्या लवकर तिथून काही पोचणं शक्यच नाही. मग आयोवा राज्यातल्या टामा इथल्या गिरणीतही तसलाच पुठ्ठा सापडला.

वेब यांनी मोजमाप घेतलं तेव्हा रेडियम नव्हतंच. दर महिन्याला जोर जवळजवळ निम्मा होत होता. हे लक्षण सिरियम-१४१ चं. त्याचं अर्धायुष्य सुमारे ३२ दिवस, आणि ते युरेनियम-प्लुटोनियमच्या विखंडनातून तयार होतं. म्हणजे मूळ एकच उरत होतं. १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोत झालेला पहिला अणुस्फोट, ट्रिनिटी. तिथून व्हिन्सेन्स सुमारे १,८०० किलोमीटर. ढग वाऱ्याबरोबर गेला, पावसाने राख खाली आणली, ती वॉबॅश नदीत उतरली, आणि पुठ्ठ्याच्या गिरणीला लागतं भरपूर पाणी. वेब यांचा यावरचा लेख १९४९ साली 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये छापून आला.

इथवर ही गोष्ट चातुर्याची आहे आणि मला ती फार आवडायची. पुढचा भाग मी बऱ्याच उशिरा वाचला.

जानेवारी १९५१ मध्ये नेवाडात चाचण्या सुरू झाल्या. काही दिवसांत तीन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या रॉचेस्टरमध्ये बर्फ पडला आणि कोडॅकच्या कारखान्यातले गायगर काउंटर नेहमीपेक्षा कितीतरी पट कडाडू लागले. फोटो उद्योगाच्या संघटनेने अणुऊर्जा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने ऐकलं. पुढच्या चाचण्यांची, राख कुठे पडू शकेल याची आगाऊ माहिती या उद्योगाला मिळू लागली.

दूधवाल्यांना मात्र कुणी काही कळवलं नाही. नेवाडाच्या राखेत आयोडीन-१३१ असे. ते गवतावर पडे, गाईच्या पोटातून दुधात उतरे, आणि मुलांच्या थायरॉईडमध्ये साठे. देशभरात ते किती पसरलं याचा राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अहवाल आला १९९७ साली. आयोवाचे सिनेटर टॉम हार्किन, ज्यांचा भाऊ थायरॉईडच्या कर्करोगाने गेला होता, त्यांनी सरळ विचारलं की फिल्म बनवणाऱ्यांना सावध केलं, मग मुलांच्या आईबापांना का नाही? आयोवा म्हणजे टामाच्या गिरणीचंच राज्य.

आणि ट्रिनिटीच्या शेजारचे लोक? त्यांना तर त्या दिवशी सांगितलं होतं की दारूगोळ्याचं कोठार उडालं. ते पावसाचं साठवलेलं पाणी पीत राहिले. आसपासच्या गुरांच्या पाठीवरचे केस गळाले, नवे आले ते पांढरे. चाचण्यांच्या झळा बसलेल्यांना भरपाई देणारा कायदा १९९० साली झाला, पण त्यात न्यू मेक्सिकोतली ही माणसं नव्हती. त्यांचा समावेश झाला जुलै २०२५ मध्ये, स्फोटानंतर ऐंशी वर्षांनी. त्यातले किती जण हयात असतील...

मावशी, वाचत असशील तर निगेटिव्ह स्कॅन करून पाठवतोय. ठिपका संगणकावर सहज पुसता येतो, आमच्या चिरंजीवांनी पुसूनही दाखवला. तुला मात्र ठिपक्यासकटच पाठवतोय. आणि त्या दुकानदाराचा मुलगा कुठे असतो, कुणाला माहीत असेल तर कळवा.